पाच किलोंचा हिशेब

सायकलच्या दुकानात शिरलेला माणूस सायकलवर बसत नाही. आधी ती उचलून पाहतो. कलिंगड घेताना ते वाजवून पाहावे तसाच हा प्रकार. कलिंगड आपण पुढे वाजवणार नसतो आणि सायकल डोक्यावर घेऊन फिरणार नसतो. तरीही परीक्षा घ्यायची ती अशी.

गेल्या दिवाळीत मीही असाच एका दुकानात सायकल उचलून उभा होतो. दुकानातला तरुण म्हणाला, "सर, दोन बोटांनी उचला." मी दोन बोटांनी उचलली. खरोखरच उचलली गेली! "नऊ किलो फक्त," तो म्हणाला. माझी सायकल चौदा किलोंची. म्हणजे चांगला पाच किलोंचा फरक. किंमत विचारली, तेव्हा मात्र ती दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवली. दिवाळीची सवलत वजा जाता दीड लाखाला थोडे कमी.

आता हे दीड लाखांचे दुकान माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाने चढावे तरी का? तर कारण असे की, आम्हा सात-आठ समवयस्कांचा एक मेळा आहे. दर रविवारी पहाटे पुण्याहून सायकलींवर खडकवासल्यापर्यंत जायचे, धरणाशी चहा घ्यायचा, परत यायचे. अंगात हुरूप असला तर सिंहगडाचा घाट चढायचा. शर्यत कोणाशी नाही, बक्षीस नाही. पण शर्यत नसली तरी शेवटचा नंबर असतोच आणि तो वर्षभर माझ्याकडे होता. मंडळींचा पहिला चहा संपत येई तेव्हा माझी स्वारी दाखल होई. पुढे पोचणाऱ्या दोघांच्या सायकली हलक्या होत्या. दोन अधिक दोन चार, हे मराठीच्या प्राध्यापकालाही कळते.

घरी येऊन मी विषय काढला. हलक्या सायकलीचे गुण पंधरा मिनिटे सांगितले. कुटुंबाने करंजीची कड मुरडता मुरडता सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"अहो, पण त्यामुळे तुम्ही किती लवकर पोचाल?"

मी म्हणालो, "बरंच लवकर."

"बरंच म्हणजे किती? दीड लाखांचं बरंच?"

इथेच घोडे पेंड खाऊ लागले. या प्रश्नाचे उत्तर दुकानदारालाही ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. ते शोधण्यात माझे अर्धे वर्ष गेले. सापडले ते या सदराच्या वाचकांपुढे मांडतो, कारण दिवाळीच्या सुमारास असा विषय माझ्या एकट्याच्याच घरात निघतो असे मला वाटत नाही.

तसे पाहिले तर पुणे हे एके काळचे सायकलींचे गाव. त्या काळ्या, उंच, लोखंडी सायकलींचे वजन कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर आणि डायनॅमो धरून वीस किलोंच्या घरात सहज जाई. तिच्यावर पुढे नळीवर पोर, मागे कॅरिअरवर दळणाचा डबा आणि हँडलला भाजीची पिशवी लटकवून गृहस्थ पेठांतून फिरत. सायकलीचे वजन किती, असा प्रश्न माझ्या वडिलांनी जन्मात कोणाला विचारला नसेल. चाकात हवा आहे ना आणि ब्रेक लागतात ना, एवढेच ते पाहत. तेव्हा मला ते अडाणीपणाचे वाटे. आता तसे वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

प्रथम मी आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. त्यांनी स्टाफरूममध्येच एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. सायकलस्वाराची ताकद मुख्यतः तीन ठिकाणी खर्च होते, असे ते म्हणाले: हवा बाजूला सारण्यात, टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणात आणि चढावर स्वतःला वर उचलण्यात. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने जाताना यातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा एकट्या हवेचा असतो. आणि हवेला सायकलीच्या वजनाशी काही कर्तव्य नाही. तिला दिसते ती आपली रुंद छाती आणि वाऱ्यावर फडफडणारा सदरा. वजनाचा संबंध येतो तो उरलेल्या चतुर्थांशाशी.

त्यातही आणखी एक मेख आहे. ओढायचे असते ते सायकलीचे एकटीचे वजन नव्हे. माझे वजन ७६ किलो, सायकलीचे १४, एकूण ९०. त्यांतून पाच किलो गेले म्हणजे साडेपाच टक्के गेले. चतुर्थांशातले साडेपाच टक्के! प्राध्यापकांनी आकडे मांडले आणि चष्मा पुसत सांगितले, "सपाट रस्त्यावर तुम्हाला तासामागे पंधरा-वीस सेकंद मिळतील."

"मिनिटं?"

"सेकंद."

"आणि सिग्नलला थांबून पुन्हा निघताना? दुकानदार म्हणत होता, हलकी सायकल चटकन वेग घेते."

त्यांनी तोही हिशेब केला. शून्यापासून ताशी २० किलोमीटरचा वेग घ्यायला पाच किलो जास्तीचे ओढावे लागले, तर एका सिग्नलमागे जेमतेम अर्धा सेकंद जातो. वजन चाकाच्या कडेला असले तर फार तर त्याच्या दुप्पट. मी मनाशी म्हटले, आमच्या घराजवळच्या सिग्नलचा तांबडा दिवा दीड मिनिट लागतो. तो एकदा चुकवला, तर तेवढ्यात दीडशे-पावणेदोनशे सिग्नलांचा हिशेब चुकता होईल!

"मग हलकी सायकल म्हणजे सारी फसवणूकच?"

"छे, छे," ते म्हणाले. "घाट चढा, मग बोला."

चढावर हिशेब फिरतो. वेग कमी, म्हणून हवेचा अडथळा कमी. सारी ताकद जाते ती वजन वर नेण्यात. सिंहगडाच्या घाटरस्त्यात साधारण साडेपाचशे मीटर उंची चढावी लागते. माझ्या बेताच्या ताकदीला त्याला तासभर लागतो. तिथे पाच किलो कमी झाले तर तीन मिनिटे वाचतात. खरी तीन मिनिटे, सेकंद नव्हेत. उतरताना वजनदार सायकल थोडीशी परतफेड करते, पण घाटात आपण ब्रेक दाबूनच उतरतो, तेव्हा ती जमेस न धरलेली बरी.

घरी येऊन हे सांगितले. कुटुंब म्हणाले, "म्हणजे पन्नास हजारांना एक मिनिट. तेसुद्धा गडावर. आणि वर जाऊन तुम्ही काय करता? पिठलं-भाकरीची वाट पाहत बसता."

कागदावरचा हिशेब कागदावर. प्रत्यक्ष कोणी करून पाहिले आहे का, असा मी शोध घेतला, तर एका डॉक्टरांनी करून पाहिलेले निघाले. ब्रिटिश मेडिकल जर्नल हे वैद्यांचे मोठे मातबर नियतकालिक. त्याच्या नाताळच्या अंकात जरा गमतीचे, पण रीतसर केलेले संशोधन छापण्याची प्रथा आहे. त्यांचा तो दिवाळी अंकच म्हणा ना. २०१० सालच्या अशा अंकात डॉ. जेरेमी ग्रोव्ह्ज या भूलतज्ज्ञांचा लेख आला. हे गृहस्थ इंग्लंडात शेफिल्डहून चेस्टरफिल्डच्या रुग्णालयात सायकलने जात. जाऊन-येऊन २७ मैल, म्हणजे त्रेचाळीस किलोमीटरांवर. त्यांच्याकडे ५० पौंडांना घेतलेली जुनी पोलादी सायकल होती, वजन साडेतेरा किलो. पुढे त्यांनी १००० पौंडांची कार्बनची नवी सायकल घेतली, वजन साडेनऊ किलो. घेतल्यावर त्यांना शंका आली, आपण खरेच लवकर पोचतो का? (घेण्याआधी ही शंका कोणालाच येत नाही. ती येण्यासाठी घरात करंज्या मुरडणारे कोणी असावे लागते.)

मग त्यांनी काय केले? रोज सकाळी एक नाणे उडवायचे. नाणे सांगेल ती सायकल त्या दिवशी न्यायची आणि वेळ टिपून ठेवायची. जानेवारी ते जुलै असे ५६ दिवस त्यांनी हे केले: ३० दिवस पोलादी, २६ दिवस कार्बनची. शेवटी सरासरी काढली. पोलादी सायकलीला लागले १ तास ४७ मिनिटे ४८ सेकंद. कार्बनच्या सायकलीला १ तास ४८ मिनिटे २१ सेकंद. म्हणजे वीसपट किमतीची हलकी सायकल अर्ध्या मिनिटाने मागेच! अर्थात एवढा फरक हा निव्वळ योगायोगाचा, असे डॉक्टरांनीच गणिताने दाखवले आहे. तात्पर्य, फरक नाही. सायकलीचे वजन कमी करण्यापेक्षा सायकलस्वाराने आपले वजन कमी केले तर ते स्वस्तही पडेल आणि उपयोगीही, अशा अर्थाचा शेरा त्यांनी मारला आहे. भूलतज्ज्ञाने भूल उतरवावी, याचे मला फार कौतुक वाटले.

हा प्रयोग एका माणसाचा, एका रस्त्यावरचा. आणि आपण कोणत्या सायकलवर बसलो आहोत हे त्या माणसाला ठाऊक होते. त्यातून विश्वाचे सत्य काढू नये, हे खरे. पण दुकानदाराने तर तेवढाही केला नव्हता.

मग शर्यतवाले ग्रॅम-ग्रॅम का मोजतात? त्यांचे कारण निराळे. डोंगरातली चढण पाच-सहा तास लढवून शेवटी हारजीत काही सेकंदांवर ठरते. तिथे पाव किलोलाही मोल आहे. म्हणून तर शर्यतीची सायकल ६.८ किलोंहून हलकी असू नये, असा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेला २००० साली करावा लागला. परंतु सपाट जागी, एका तासात कोण किती अंतर कापतो अशा विक्रमाचा इतिहास पाहा. एडी मेर्क्स या बेल्जियमच्या महान सायकलपटूने १९७२ साली मेक्सिको सिटीत तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला. त्याने सायकल हलकी करून घेतलीच होती. पण मुद्दाम मेक्सिकोला गेला तो तिथली हवा विरळ म्हणून. पुढे इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ साली हात सरळ पुढे ताणून, बाणासारखे शरीर करून ५६.३७५ किलोमीटर गाठले. त्यावर नियम बदलले. मेर्क्सच्या काळातल्यासारखी सायकल आणि तशीच बैठक घेऊन खेळायचे, असे ठरले. त्याच बोर्डमनने २००० साली, त्याच मँचेस्टरच्या धावपट्टीवर, तसे करून पाहिले. अंतर भरले ४९.४४१ किलोमीटर. मेर्क्सपेक्षा बरोबर दहा मीटर जास्त! मधल्या चार वर्षांत त्याचे वय वाढले होते हे धरले, तरी जवळजवळ सात किलोमीटरांच्या तफावतीतला मोठा वाटा बैठकीचा होता. सायकल दोन बोटांनी उचलून पाहिल्याने हे कळण्यासारखे नाही.

आणखी मागे जायचे तर १९०३ सालची पहिली 'तूर द फ्रान्स'. ती जिंकणारा मोरिस गारँ हा मूळचा धुराडी साफ करणारा. वजनदार पोलादी सायकल, गिअर बदलण्याची सोय नाही, कच्चे रस्ते, आणि एकूण अंतर २४२८ किलोमीटर. त्याची सरासरी पडली ताशी पंचवीस किलोमीटरांहून थोडी अधिक. आमच्या मेळ्यातला एकही हलकी सायकलवाला डांबरी रस्त्यावर खडकवासल्यापर्यंत तेवढी सरासरी राखू शकत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण सायकलींच्या आधीची असली तरी सायकलवाल्यांना लागू पडते.

एवढे वाचून झाल्यावर माझीही खुमखुमी वाढली. मेळ्यातल्या एका उमद्या मित्राने आपली नऊ किलोंची सायकल आठ रविवार कौल लावायला दिली. छापा पडला तर त्याची मी घ्यायची, काटा पडला तर आपापली. खडकवासल्यापर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ आम्ही टिपला. पाच रविवार छापा पडला, तीन रविवार काटा. दोन्ही सायकलींच्या सरासरीत मिनिटाचाही फरक निघाला नाही. उलट, एकाच सायकलीच्या बऱ्या आणि वाईट दिवसांत पाच-पाच मिनिटांचा फरक होता. माझा सर्वांत वेगवान दिवस माझ्या चौदा किलोवालीचाच; त्या दिवशी मी टायरांत हवा नीट भरली होती आणि आदल्या रात्री पेपर तपासत बसलो नव्हतो. नंतर दोन्ही सायकलींनी सिंहगड चढून पाहिला. तिथे मात्र हलकीने अडीच मिनिटे वाचवली. प्राध्यापक महाशयांचा कागद बव्हंशी खरा ठरला. आठ रविवारांत शास्त्र सिद्ध होत नाही, पण घरातला प्रश्न सुटायला तेवढे पुरले.

मग पुढे जाणारे ते दोघे पुढे का जातात? उत्तर डोळ्यांसमोरच होते. ते आठवड्यातून चार दिवस सायकल चालवतात आणि मी एक दिवस. ज्याला सायकलीचे वेड असते तोच भारी सायकल विकून हलकी घेतो. तो आधीच वेगवान असतो. आम्ही मात्र श्रेय देतो सायकलीला.

हे सारे सांगून मी लेख इथेच संपवला असता. पण या हिशेबात एक माणूस धरायचा राहिला होता.

माझी धाकटी अकरा वर्षांची. कधी कधी रविवारी तीही माझ्याबरोबर निघे. तिची सायकल जाडजूड टायरांची, पुढेमागे स्प्रिंगा बसवलेली, दिसायला मोटारसायकलीची धाकटी बहीण. वाढदिवसाला मीच हौसेने घेतलेली. ती मागे पडे. जरा उंचवटा आला की उतरून ढकलू लागे. मी पुढून ओरडे, "अगं, जोर लाव! पाय चालव!" शेवटच्या मी शेवटून दुसरा झालो याचे समाधानही मनात कुठेतरी असेल, नाही म्हणत नाही. एक दिवस ती वाटेतच उतरली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जा पुढे. मला नाही जमत. माझ्यात दमच नाही." पुढच्या रविवारी ती उठलीच नाही. त्याच्या पुढच्याही.

माझे प्रयोग चालू असताना वजनकाटा घरात आलेला होता. एका संध्याकाळी सहज म्हणून मी तिची सायकल काट्यावर चढवली. सोळा किलो. माझ्या सायकलीपेक्षाही दोन किलो अधिक! आणि धाकटीचे स्वतःचे वजन चौतीस. म्हणजे ही मुलगी आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे लोखंड ओढत होती. माझ्यावर तसा प्रसंग आला असता तर मला छत्तीस किलोंची सायकल चालवावी लागली असती. मी काही क्षण काट्याकडे पाहत उभा राहिलो. दोन बोटांनी उचलून पाहायची खरी सायकल ती होती, आणि ती मी घेताना उचलून पाहिली नव्हती.

नेहमीच्याच रीतीने मी पुन्हा हिशेब मांडला. पाच किलो कमी झाले तर माझे साडेपाच टक्के ओझे जाते. तिचे मात्र पन्नासातले पाच, म्हणजे दहा टक्के जाते. शिवाय ते जाड टायर आणि प्रत्येक पावलाला दबणाऱ्या त्या स्प्रिंगा तिची ताकद खात होत्या, ते वेगळेच. जोर लाव म्हणून ओरडणाऱ्या बापाने हे आधी पाहायला हवे होते. मराठीच्या तासाला मी मुलांना सांगतो, की शब्द जपून वापरा. 'दम नाही' हे शब्द तिने कोणाच्या तोंडून उचलले, ते मला शोधायला लांब जावे लागले नाही.

मे महिन्यात तिला साधी, बिनस्प्रिंगांची, अकरा किलोंची सायकल घेतली. दीड लाखांच्या मानाने किंमत किरकोळ. उरलेल्यातले थोडे माझ्या टायरांवर आणि एका चांगल्या पंपावर खर्च केले. माझी चौदा किलोवाली तीच आहे. फक्त आता बुधवारीही बाहेर पडते.

पहिल्या दिवशी धाकटी माझ्याबरोबर खडकवासल्याला निघाली. ती काही वाऱ्यासारखी गेली नाही. गोष्टीतल्यासारखे आयुष्यात होत नाही. धरणाच्या अलीकडचा चढ आला तेव्हा ती उभी राहून पेडल मारू लागली, दोनदा डगमगली, पण उतरली नाही. वर पोचल्यावर लालबुंद तोंडाने म्हणाली, "बाबा, मला वाटलं सायकलच अशी असते." एवढेच. मी चहा घेतला, तिला भजी दिली.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वी तिची सायकल मी वर चढवत असे. आता ती स्वतःच खांद्यावर घेऊन जाते. हलक्या सायकलीचा हा एक फायदा मात्र बिनतोड आहे आणि त्याला कोणत्याही डॉक्टराच्या प्रयोगाची गरज नाही.

तेव्हा या दिवाळीत दुकानात जाल तर सायकल अवश्य उचलून पाहा. पण तिच्यावर कोण बसणार आहे, त्याचे वजन आधी विचारा. चढ असेल, शर्यत असेल, जिने असतील किंवा बसणारे मूल असेल, तर हलक्या सायकलीला मोल आहे. माझ्यासारख्या चाळिशीतल्या गृहस्थाला सपाट रस्त्यावर लवकर पोचायचे असेल, तर टायरांत हवा भरावी, सदरा खोचावा आणि जरा लवकर निघावे.

फराळाचा प्रश्न अजून उरलाच आहे. गेल्या दिवाळीत पंधरा दिवसांत माझे वजन दीड किलोने वाढले होते. दुकानदाराच्या भावाने, म्हणजे पाच किलोंना दीड लाख या दराने, ते पंचेचाळीस हजारांचे झाले. हा हिशेब मी घरात बोलून दाखवला. कुटुंबाने चिवड्याचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. आता तो दोन बोटांनी काढता येत नाही.